पाळणा कमी हलतो, तरी गर्दी का वाढते?

महाराष्ट्रातल्या बाईला आज सरासरी दोनपेक्षा कमी मुलं होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, राज्याचा एकूण जननदर १.७ निघाला. १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत तो २.९ च्या आसपास होता. २००५-०६ मध्ये तो २.१ वर आला आणि पुढेही खालीच जात राहिला. तरी लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, पुण्यात संध्याकाळी गाडी हलत नाही, आणि लग्नाच्या पंगतीत विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "लोकसंख्या फार वाढली हो, सगळा घोळ त्यामुळेच आहे."

जननदर घटला हेही खरं आणि माणसं वाढली हेही खरं. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असतात हे नीट कळलं, तर आपल्या भोवतीचं बरंच काही उलगडतं: ओस पडलेली घरं, बंद पडायला आलेल्या शाळा, लग्न न जमणारे शेतकरी मुलगे, एकटे राहणारे म्हातारे आईवडील. माझं म्हणणं असं की "किती माणसं" हा महाराष्ट्रापुरता आता जुना प्रश्न झाला. "कोणत्या वयाची आणि कुठे राहणारी" हा आजचा प्रश्न आहे, आणि आपली धोरणं, चर्चा, कायदे अजून जुन्याच प्रश्नाशी झुंजत आहेत.

आधी जननदर म्हणजे काय ते पाहू. हा आकडा काढताना कोणी बायकांना गाठून "तुम्हाला एकूण किती मुलं झाली" असं विचारून सरासरी काढत नाही. सध्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांना, त्या त्या वयात, ज्या प्रमाणात मुलं होत आहेत ते पाहतात. मग हिशेब असा करतात, की आज पंधरा वर्षांची असलेली एखादी मुलगी याच प्रमाणानुसार पुढे गेली, तर तिला अखेरीस किती मुलं होतील? म्हणजे हा आत्ताच्या काळाचा फोटो आहे, कोणा एका बाईची जीवनकहाणी नव्हे. मुली उशिरा लग्न करू लागल्या की मधली काही वर्षं हा आकडा थोडा जास्तच खाली दिसतो, हेही ध्यानात ठेवलेलं बरं.

आणि २.१ याच आकड्याला एवढं महत्त्व का? आईवडील दोघं, त्यांच्या जागी दोन मुलं आली की हिशेब बरोबर, असं वाटतं. पण निसर्गतः दर शंभर मुलींमागे साधारण एकशे पाच मुलगे जन्मतात, आणि जन्मलेल्या सगळ्याच मुली आई होण्याच्या वयापर्यंत पोचत नाहीत. ही तूट भरून काढायला दोनवर थोडं जास्त लागतं. जननदर २.१ च्या खाली राहिला, तर बाहेरून माणसं आली नाहीत तर ती लोकसंख्या कधी ना कधी घटणार. पण लगेच नाही, आणि गंमत तिथेच आहे.

एक काल्पनिक गाव घेऊ. तिथे १९७० च्या सुमारास शंभर जोडपी होती आणि प्रत्येकाची पाच मुलं जगली. म्हणजे पाचशे मुलं. ती मोठी झाली, त्यांची आपसात लग्नं झाली, तर अडीचशे जोडपी तयार झाली. या पिढीने मात्र दोनच मुलांवर थांबायचं ठरवलं. तरी त्या गावात जन्म किती झाले? अडीचशे गुणिले दोन, म्हणजे पुन्हा पाचशे! घरटी मुलं पाचावरून दोनवर आली, पण गावातल्या बारशांची संख्या तेवढीच राहिली. याच काळात मरणार कोण? आधीच्या पिढीतले दोनशे लोक. पाचशे आले, दोनशे गेले, गाव तीनशेने वाढलं. जन्म आणि मृत्यू बरोबरीत येतील ते तिसऱ्या पिढीला, म्हणजे पन्नास-साठ वर्षांनी. आज आपल्याला दिसणारी वाढ बरीचशी अशी आहे. आजच्या जोडप्यांनी जास्त मुलं जन्माला घातली म्हणून ती झालेली नाही. त्यांच्या आईवडिलांच्या पिढीत मुलं जास्त होती आणि ती जगली म्हणून झाली आहे. शिवाय माणसं आता जास्त जगतात. महाराष्ट्रातलं सरासरी आयुर्मान आता सत्तरीच्या पुढे गेलं आहे.

१९६१ मध्ये महाराष्ट्रात ३.९६ कोटी माणसं होती, २०११ मध्ये ११.२४ कोटी. पन्नास वर्षांत जवळपास तिप्पट. पण वेग बघा: १९९१ ते २००१ या दहा वर्षांत वाढ २२.७ टक्के होती, पुढच्या दहा वर्षांत ती १६ टक्क्यांवर आली. गाडी पुढे जाते आहे, पण ब्रेक लागून बराच काळ झाला आहे.

हा ब्रेक लागला कसा, हे सांगताना मागे जावं लागतं. लोकसंख्याशास्त्र शिकवणारे १९२१ या सालाला भारताचं दुभाजक वर्ष म्हणतात. त्याआधी जन्म भरपूर व्हायचे, पण मृत्यूही तितकेच. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, १८९६ पासून मुंबईत आणि मग पुण्यात शिरलेला प्लेग, आणि त्यावर १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, जिने देशात किमान सव्वा कोटी माणसं नेली. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या चक्क थोडी घटली होती. त्यानंतर मात्र ती प्रत्येक जनगणनेत वाढतच गेली. साथी आणि दुष्काळातले मृत्यू हळूहळू आटोक्यात आले, जन्म होते तितकेच राहिले, आणि या दोन्हींमधली दरी म्हणजेच आपण ज्याला लोकसंख्येचा स्फोट म्हणत आलो ती वाढ.

त्याच १९२१ मध्ये र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्यापायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवताना खटले सोसावे लागले. देशाच्या सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला तो १९५२ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी. कर्व्यांचा भर बाईच्या आरोग्यावर आणि तिच्या शरीरावरच्या हक्कावर होता. सरकारी कार्यक्रमात तो भर मागे पडला आणि आकडा पुढे आला, ही मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी चूक वाटते.

कारण त्याचा शेवट आणीबाणीत झाला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या बहुसंख्य पुरुषांच्या, आणि अनेक ठिकाणी जबरदस्तीने. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूरही केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही. त्या धसक्यानंतर पुरुष या कार्यक्रमातून बाहेर पडले ते कायमचे. आज महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या, मूल होण्याच्या वयातल्या जवळपास निम्म्या बायकांची नसबंदी झालेली आहे. पुरुष नसबंदीचं प्रमाण एक टक्काही नाही, जरी ती शस्त्रक्रिया जास्त सोपी आणि कमी धोक्याची असली तरी. जननदर १.७ वर आला हे यश म्हणून सांगताना ते बहुतांशी बायकांच्या पोटावरच्या टाक्यांनी मिळालं आहे, हे सांगितलंच पाहिजे. आणि यातल्या बहुतेक जणी शस्त्रक्रियेच्या वेळी पंचविशीच्या आसपासच्या असतात.

पण नुसत्या शस्त्रक्रियेने जननदर खाली येत नाही. जन्मलेलं मूल जगेल याची खात्री नसेल तर कोणतीही आई दोनवर थांबत नाही. १९७१ च्या सुमारास महाराष्ट्रात हजारातली शंभराहून जास्त बाळं पहिला वाढदिवस बघत नसत. २०२० मध्ये हा आकडा १६ वर आला. यात गडचिरोलीच्या कामाचा उल्लेख करायलाच हवा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं: बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास कसा मोजायचा, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, इंजेक्शन कधी द्यायचं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा या ३९ गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. पुढे देशभर आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन बाळ पाहू लागल्या, त्यामागे हा अनुभव आहे. मूल जगतं हे आईला दिसलं की दोनवर थांबा असं सांगायला कोणी भिंत रंगवावी लागत नाही.

दुसरं कारण शेतीचं. राज्यात सरासरी जमीनधारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. वाटण्या होत होत साडेदहा एकरांचे सव्वातीन एकर झाले. पूर्वी मूल म्हणजे शेतावरचा हात होता. आता मूल म्हणजे शाळेची फी, क्लास, मोबाइल, डिप्लोमा. हा हिशेब कोणत्याही आईबापाला कोणी शिकवावा लागला नाही.

आता या बदलाची काळी बाजू. मुलं पाच असतील तर त्यांत एखादा मुलगा असण्याची शक्यता जवळपास पक्की असते. मुलं दोनच हवीत आणि त्यांत मुलगा हवाच, असं ठरलं की पुष्कळ जोडप्यांच्या बाबतीत निसर्ग ते जुळवून देत नाही. मग सोनोग्राफी आली. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही राज्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाल्या.

हे गरिबीमुळे किंवा अडाणीपणामुळे झालं असं कोणी म्हणत असेल, तर जिल्हावार आकडे समोर ठेवावेत. २००१ मध्ये राज्यात सर्वांत वाईट आकडे कोल्हापूर आणि सांगलीचे होते: ८३९ आणि ८५१. साखर कारखाने, दूध संघ, बागायती, दारात मोटारसायकल, पोरं इंजिनिअरिंगला. पैसा, रस्ता आणि यंत्र तिन्ही जवळ असलेले जिल्हे. गडचिरोलीसारख्या आदिवासी जिल्ह्यात मुलींचं प्रमाण याहून कितीतरी चांगलं होतं. २०११ मध्ये बीड तळाला गेलं, ८०७ वर. त्यानंतरच्या वर्षी तिथलं मुलींच्या गर्भांच्या बेकायदा गर्भपाताचं प्रकरण उघडकीला आलं आणि राज्याला धक्का बसला, पण आकडे तर आधीच बोलत होते.

२००१ मध्ये सहा वर्षांच्या आत असलेली ती पोरं २०२५ च्या सुमारास चोवीस ते तिशीत पोचली. लग्नाचं वय. २०२२ च्या डिसेंबरमध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी मुंडावळ्या बांधून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला. पुष्कळांनी तो चेष्टेवारी नेला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. त्यांच्या पिढीतल्या मुली जन्मालाच आलेल्या नाहीत, आणि त्याचा दोष या पोरांचा नाही.

यात आणखी दोन गोष्टी मिसळतात. आपल्याकडे नवरा बायकोपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असतो. दर वर्षी जन्म कमी होत असतील, तर पाच वर्षांनी धाकट्या मुलींची संख्या मुळातच कमी असते. म्हणजे गर्भपात एकही झाला नसता तरी थोडी चणचण भासलीच असती. आणि दुसरं असं की ज्या मुली आहेत त्या शिकल्या आहेत. त्यांना सव्वातीन एकरांची कोरडवाहू शेती, सासूसासरे आणि दावणीची गुरं नकोत. नोकरीवाला हवा, पुण्याला किंवा नाशिकला खोली हवी. त्यांचं काय चुकलं? शेतात राबणाऱ्या आईचं आयुष्य त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. बीडमध्ये ८०७ च्या काळात जन्मलेली मुलं २०३१ नंतर लग्नाला उभी राहतील, तेव्हा ही चणचण आजच्यापेक्षा वाढलेली असेल.

मुलींचं प्रमाण पाहताना एक जिल्हा भल्याभल्यांना चकवतो. रत्नागिरीत २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. केवढा पुढारलेला जिल्हा, असं वाटतं. पण शून्य ते सहा वयोगट पाहिला तर तिथेही मुली मुलग्यांपेक्षा कमीच आहेत. मग एवढ्या बायका आल्या कुठून? त्या कुठून आल्या नाहीत, पुरुष गेले. मुंबईत १८५० च्या दशकात पहिली कापड गिरणी उभी राहिली तेव्हापासून कोकणचा पुरुष मुंबईला जातो आहे. लालबाग-परळच्या गाळ्यात दहाजण, खानावळीत जेवण, गावाला मनीऑर्डर, गणपती आणि शिमग्याला घरी. भात लावायचं, म्हाताऱ्यांचं करायचं, पोरं वाढवायची ती बाईने. एक अख्खा प्रदेश दीडशे वर्षं मनीऑर्डरवर चालला.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि तो संप कधी रीतसर संपलाच नाही. गिरण्या गेल्या, तरी कोकणी माणूस गावी परतला नाही. तो डोंबिवली, विरार, बदलापूर, दिव्याला सरकला, आणि पूर्वी गावी राहणारी बायकामुलंही त्याने तिकडे नेली. त्याचा हिशेब पुढच्या जनगणनेत दिसला. २००१ ते २०११ या काळात राज्य १६ टक्क्यांनी वाढत असताना रत्नागिरीची लोकसंख्या १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर उतरली. सिंधुदुर्गही घटला. आणि ज्या मुंबईकडे सगळे धावले, त्या मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाबा ते माहीम-सायनपर्यंतच्या जुन्या मुंबईची लोकसंख्यासुद्धा साडेसात टक्क्यांनी कमी झाली: ३३.४ लाखांवरून ३०.९ लाख. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, चाळींतली माणसं लांब गेली. ती सगळी जमा झाली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात. तो जिल्हा दहा वर्षांत ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला, देशातला सर्वांत मोठा जिल्हा ठरला, आणि २०१४ मध्ये पालघर वेगळा काढावा लागला.

म्हणून लोकलमधली गर्दी हा जननदराचा पुरावा नाही. कळव्याला दारात लटकणारा माणूस संगमेश्वरच्या, जतच्या, जौनपूरच्या किंवा दरभंग्याच्या वर्गात एक बाक रिकामा करून आलेला असतो. बिहारचा जननदर अजून तीनच्या जवळ आहे, आपला १.७. गवंडीकाम, रंगकाम, सुतारकाम, स्विगीचा डबा, द्राक्षबागेची छाटणी यासाठी लागणारे तरुण हात आपल्याकडे आता पुरेसे जन्मत नाहीत, किंवा जन्मतात ते ही कामं करायला तयार नाहीत. कोकणात आंब्याच्या बागांची राखण नेपाळी कुटुंबं करतात. घरातला मुलगा कांदिवलीला, बागेत नेपाळचा गडी. परप्रांतीयांवर चिडण्याआधी हे चित्र पुरं पाहायला हवं.

याची झळ जिथे सर्वांत आधी लागते ती जागा म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा. विसापेक्षा कमी पट असलेल्या शाळा राज्यात हजारोंच्या संख्येने आहेत. २०२३ मध्ये त्या जवळच्या शाळांत मिसळून समूह शाळा करण्याची कल्पना पुढे आली तेव्हा मोठा विरोध झाला, आणि तो रास्त होता. कारण डोंगराळ वाडीवरून चार-पाच किलोमीटर चालत जायचं तर आधी मुलीची शाळा सुटते. इंग्रजी माध्यमाच्या गाड्या मुलं उचलून नेतात हे खरंच आहे, पण वाडीत मुलंच जन्मत नाहीत हेही तितकंच खरं आहे. शाळेचा पट हे दोन्ही एकत्र दाखवतो, आणि आपण दोष मात्र एकट्या मास्तरांना देऊन मोकळे होतो.

तरुणांकडे येऊ. १९६१ च्या सुमारास शंभरातली चाळीस माणसं पंधरा वर्षांच्या आतली होती. २०११ मध्ये ती सत्तावीसच्या आसपास आली. खाणारी तोंडं कमी, कमावते हात जास्त, असा काळ एखाद्या समाजाच्या वाट्याला एकदाच येतो, साधारण तीस-चाळीस वर्षांसाठी. अर्थतज्ज्ञ त्याला लोकसंख्येचा लाभांश म्हणतात. पण लाभांश आपोआप खात्यात जमा होत नाही. हाताला काम लागतं. २०२४ मध्ये राज्यात पोलीस भरतीच्या सुमारे १७ हजार जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले. पहाटे मैदानावर धावणारी आणि मग पुण्याच्या अभ्यासिकेत रात्र काढणारी ही पोरं म्हणजेच तो लाभांश. त्यांची पंचविशी अर्ज भरण्यात चालली आहे, आणि ही वर्षं कुणालाच परत मिळणार नाहीत.

कारण पुढचा टप्पा जवळ आला आहे. २०११ मध्येच महाराष्ट्रात साठीच्या पुढची माणसं ९.९ टक्के होती, देशाची सरासरी ८.६ होती. कोकणात हे प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षाही बरंच जास्त. शेजारच्या गोव्यात जननदर १.३ वर गेला आहे, तिथे तर हे आणखी लवकर जाणवणार. फ्रान्समध्ये पासष्टीपुढच्यांचं प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जायला शंभराहून जास्त वर्षं लागली. त्या काळात त्यांनी कारखाने उभे केले, पेन्शन उभी केली, दवाखाने उभे केले. आपण हेच अंतर काही दशकांत कापणार आहोत, आणि आपल्या बहुसंख्य म्हाताऱ्यांना पेन्शन नाही.

काय आहे हातात? केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब माणसाला केंद्राचा वाटा महिन्याला २०० रुपये आहे. २००७ पासून तोच. राज्य त्यात भर घालतं. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनांची रक्कम २०२३ मध्ये हजारावरून दीड हजार झाली. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या, तालुक्याला जायचं एसटीचं तिकीट (पंचाहत्तरीनंतर ते माफ आहे, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट) आणि किराणा, हे दीड हजारात कसं बसवायचं?

मोठ्या वयात बायका जास्त उरतात, कारण त्या नवऱ्यापेक्षा लहान असतात आणि जास्त जगतात. त्यांतल्या बहुतेकींच्या नावावर ना जमीन आहे ना घर. आपल्याकडे म्हाताऱ्यांचं बघायची जबाबदारी कायम सुनेवर ढकलली गेली. आता सून नोकरी करते किंवा दोनशे किलोमीटरवर राहते, आणि मुलगा एकुलता एक आहे. दोन मुलांची पिढी म्हातारी होईल तेव्हा चार आजीआजोबांमागे एक किंवा दोन नातवंडं असतील. "आजकालच्या मुलांना आईबापांचं काही नाही" या वाक्याने यातलं काही सुटत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात वृद्धांसाठी आठवड्याचा ठरलेला वार, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाणारी परिचारिका, गावात दिवसभर बसायला आणि जेवायला जागा हे सरकारी खर्चाने उभं करावं लागेल.

आणि आपले कायदे? तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, हा नियम महाराष्ट्रात अजून आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यासाठी तो लागू होतो. २००५ च्या नियमांनी सरकारी नोकरीलाही तीच अट लावली. ज्या राज्यात जननदर १.७ आहे तिथे ही अट कुणाला रोखते? बहुतेक वेळा तिला, जिला मुलगा होईपर्यंत थांबू दिलं नाही, आणि मग आरक्षणाने सरपंच व्हायची वेळ आली तेव्हा तीच अपात्र ठरली. आंध्र प्रदेशने असाच नियम २०२४ मध्ये रद्द केला. तिथे आता सरकारला लोकसंख्या म्हातारी होण्याची चिंता आहे. जास्त मुलं जन्माला घाला म्हणणंही मला तितकंच चुकीचं वाटतं. बाईच्या पोटाकडे आकडेवारीतला नळ म्हणून बघणं थांबायला हवं, तो बंद करायचा असो की सुरू.

यातलं बरंचसं मी २०११ च्या आकड्यांवर बोलतो आहे, कारण त्यानंतर जनगणना झालेलीच नाही. २०२१ ची कोविडमुळे टळली आणि मग लांबतच गेली. हा कागदी उशीर नाही. अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्राला मिळणारा सुमारे ७ कोटी लोकांचा कोटा २०११ च्या लोकसंख्येवर ठरलेला आहे. त्यानंतर लग्न होऊन वेगळं बिऱ्हाड केलेल्या, गाव सोडून शहरात आलेल्या कुटुंबांना रेशनकार्डावर धान्य का मिळत नाही, याचं एक उत्तर इथे आहे. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. तिचे आकडे आले की सगळ्या वाहिन्यांवर एकच मोठा आकडा झळकेल, राज्याची एकूण लोकसंख्या. तो सोडून आपल्या तालुक्याच्या तक्त्यात चार रकाने शोधा: सहा वर्षांच्या आतली मुलं किती, त्यांत मुली किती, वीस ते चौतीस वयोगटात गावात प्रत्यक्ष राहणारे किती, आणि साठीच्या पुढचे, त्यातही एकटे राहणारे किती. घरयादीच्या तक्त्यात रिकाम्या घरांचाही आकडा असतो, तोही पाहा. जिल्हा नियोजन समिती पैसे वाटते ते रस्ते आणि सभागृहं मोजून. हे रकाने घेऊन ग्रामसभेत उभं राहिलं, तर शाळेची खोली हवी की परिचारिका हवी, हे निदान आपल्या गावापुरतं ठरवून मागता येईल.